मैदानाबाहेरचा कर्णधार : कर्नल हेमू अधिकारी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एखादे चरित्र द्यावयाचे म्हटले, की लेखणी साहजिकच संत, समाजसुधारक, स्वातंत्र्यसेनानी किंवा नाटककार यांच्याकडे वळते. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसाला आपल्या थोरवीची ही दालने पुनःपुन्हा उघडून पाहावीशी वाटतात आणि त्यात वावगे काहीच नाही. तथापि या अंकासाठी आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र निवडले आहे, ते यांपैकी कोणत्याही दालनात बसत नाहीत. ते क्रिकेटपटू होते. क्रिकेटपटूंची नावे घेताना मर्चंट, हजारे, मंकड, गावसकर अशी जी पहिली रांग डोळ्यांपुढे उभी राहते, तिच्यातही त्यांना जागा मिळालेली नाही. असे असता लेफ्टनंट कर्नल हेमचंद्र रामचंद्र अधिकारी, म्हणजेच हेमू अधिकारी, यांच्याविषयी आम्हांला का लिहावेसे वाटले, हे आरंभीच सांगणे उचित होईल.

त्याची कारणे दोन आहेत. त्यांच्या खेळाडू म्हणून असलेल्या आयुष्यातील तीन मोठे प्रसंग आपल्या या दिल्लीत, फिरोजशहा कोटल्याच्या मैदानावर घडले, हे एक. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. बहुतेक खेळाडूंचे चरित्र बॅट खाली ठेवली की संपते. त्यापुढचे पान सत्कार, समालोचन आणि आठवणी यांनी भरलेले असते. अधिकाऱ्यांच्या चरित्राचे मोलाचे प्रकरण मात्र बॅट खाली ठेवल्यानंतर सुरू होते. स्वतः खेळणे आणि दुसऱ्याकडून खेळवून घेणे या दोन सर्वस्वी भिन्न विद्या आहेत. एकीत निपुण असलेला मनुष्य दुसरीत निपुण ठरतोच असे नाही, आणि ठरला तरी तिचे यश त्याच्या नावावर जमा होतेच असेही नाही. या दुसऱ्या विद्येचे सुख आणि तिची किंमत या दोन्ही गोष्टी अधिकाऱ्यांनी भोगल्या.

हेमू अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. जन्म पुण्याचा असला तरी क्रिकेटमधील त्यांचे पहिले पाऊल पडले ते गुजरातच्या संघातून, १९३६-३७ च्या हंगामात. तेव्हा ते अवघे सतरा वर्षांचे होते. त्यानंतर ते बडोद्याच्या संघात गेले. गायकवाडांचे बडोदे म्हणजे महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसांचे केवढे मोठे आश्रयस्थान होते, हे या अंकाच्या वाचकांना सांगावयास नको. तेथील दरबाराने गायक, चित्रकार, मल्ल आणि पंडित यांना जसा आधार दिला, तसाच क्रिकेटपटूंनाही दिला. विजय हजारे तेथेच बहरले. बडोद्याने १९४२-४३, १९४६-४७ आणि १९४९-५० अशा तीन हंगामांत रणजी करंडक जिंकला, यावरून त्या काळी तेथील क्रिकेट कोणत्या उंचीवर होते याची कल्पना यावी. अशा वातावरणात अधिकाऱ्यांची जडणघडण झाली.

मात्र त्यांच्या पिढीवर काळाने एक अन्याय केला होता. भारताने ऑगस्ट १९३६ मध्ये इंग्लंडमध्ये एक कसोटी सामना खेळला, आणि त्यानंतरचा सामना उजाडण्यास जून १९४६ यावा लागला. मधल्या दहा वर्षांचा मोठा भाग दुसऱ्या महायुद्धाने गिळून टाकला. अधिकाऱ्यांच्या बाबतीत ही दहा वर्षे म्हणजे वयाच्या सतरापासून सत्ताविसापर्यंतची, कोणत्याही खेळाडूच्या उमेदीची वर्षे. याच काळात त्यांनी सैन्यातील जीवन पत्करले. पुढे कित्येकदा सैनिकी कर्तव्यामुळे त्यांना कसोटी सामन्यांवर पाणी सोडावे लागले. एकूण एकवीस कसोटी सामने त्यांच्या वाट्यास आले, तेही १९४७ ते १९५९ या बारा वर्षांत विखुरलेले.

पहिला सामना २८ नोव्हेंबर १९४७ रोजी ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे सुरू झाला. स्वतंत्र भारताचा तो पहिलाच कसोटी सामना. समोर डॉन ब्रॅडमन होते. त्यांनी १८५ धावा केल्या. मग पाऊस कोसळला आणि त्या काळी खेळपट्ट्या झाकण्याची पद्धत नसल्यामुळे भिजलेल्या, चिकट झालेल्या खेळपट्टीवर भारताचा संघ ५८ आणि ९८ धावांत गारद झाला. पदार्पण यापेक्षा अशुभ क्वचितच कोणाचे झाले असेल. त्या दौऱ्यातील पाचही सामने अधिकारी खेळले. भारताने चार सामने गमावले, एक अनिर्णित राहिला. धावांच्या दृष्टीने हा दौरा त्यांना फारसा फळला नाही, परंतु क्षेत्ररक्षक म्हणून त्यांची कीर्ती याच सुमारास पसरू लागली. कव्हरच्या जागेवरून धावणारे, वाकणारे आणि चेंडू उचलून यष्ट्यांकडे अचूक फेकणारे अधिकारी हे त्या काळच्या भारतीय क्रिकेटमधील एक नवलच होते. आपल्याकडे तेव्हा क्षेत्ररक्षण हे फलंदाजी आणि गोलंदाजी यांच्या मधल्या वेळात उरकण्याचे काम मानले जाई. अधिकाऱ्यांनी त्यास खेळाचे तिसरे अंग मानले. ही गोष्ट येथे नमूद करून ठेवतो, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता दिल्लीकडे येऊ. १० नोव्हेंबर १९४८ रोजी फिरोजशहा कोटला मैदानावर पहिला कसोटी सामना सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर मायभूमीवर खेळला गेलेलाही तो पहिलाच सामना होता. फाळणीने होरपळलेल्या दिल्लीत तेव्हा निर्वासितांच्या छावण्या अद्याप उठलेल्या नव्हत्या. वेस्ट इंडीजच्या बलाढ्य फलंदाजांनी चार शतके ठोकून ६३१ धावांचा डोंगर रचला. भारताने उत्तरादाखल ४५४ धावा केल्या. त्यात अधिकाऱ्यांच्या नाबाद ११४ धावा होत्या. फॉलोऑनची नामुष्की टळली नाही, परंतु पराभव टळला. कसोटी क्रिकेटमधील हे त्यांचे एकमेव शतक. ते नाबाद राहिले, म्हणजे जोडीदार संपले, ते स्वतः संपले नाहीत, हा तपशील त्यांच्या स्वभावाचा द्योतक आहे.

चार वर्षांनी, ऑक्टोबर १९५२ मध्ये, त्याच मैदानावर भारत आणि पाकिस्तान यांच्यातील पहिला कसोटी सामना झाला. त्याच उन्हाळ्यात हजाऱ्यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघ इंग्लंडमध्ये दारुण पराभव पत्करून परतला होता. लीड्स येथे एकही धाव नसताना चार गडी बाद झाल्याची आठवण अजून ताजी होती. त्या दौऱ्यावर अधिकारीही होते. दिल्लीत भारताचे नऊ गडी २६३ धावांत बाद झाले आणि अधिकाऱ्यांच्या साथीला अकराव्या क्रमांकाचा फलंदाज, ऑफस्पिनर गुलाम अहमद, मैदानात उतरला. या जोडीने शेवटच्या गड्यासाठी १०९ धावांची भर घातली. गुलाम अहमद यांनी ५० धावा केल्या, अधिकारी ८१ धावांवर नाबाद राहिले. मग विनू मंकड यांनी दोन्ही डावांत मिळून तेरा बळी घेतले आणि भारताने एक डाव व ७० धावांनी विजय मिळविला. शेवटच्या गड्याच्या भागीदारीचा तो भारतीय विक्रम बावन्न वर्षे अबाधित राहिला. डिसेंबर २००४ मध्ये ढाक्यास सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी तो मोडला.

या भागीदारीचे मर्म थोडे उलगडून पाहावे असे आम्हांस वाटते. शेवटचा गडी बरोबर असताना नामवंत फलंदाज सहसा दोनपैकी एक मार्ग धरतो. एक तर तो दांडपट्टा फिरवून मिळतील तेवढ्या धावा लुटतो, नाहीतर जोडीदाराला चेंडूचे तोंडही पाहू न देता सारा भार स्वतःवर घेतो. परंतु ज्या भागीदारीत अकराव्या क्रमांकाचा खेळाडू अर्धशतक काढतो, तेथे दुसऱ्या टोकाच्या फलंदाजाने या दोहोंहून वेगळे काही केलेले असते. त्याने जोडीदाराला आपण फलंदाज आहोत असे वाटावयास लावलेले असते. खेळाडू अधिकाऱ्यांच्या आत दडलेला प्रशिक्षक त्या दिवशी कोटल्यावर प्रथम दिसला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पन्नाशीच्या दशकात अधिकारी रणजी सामन्यांत सेनादलाच्या संघाकडून खेळू लागले आणि त्याचे कर्णधारही झाले. त्या संघाची अडचण आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या सेवेतील माणसांना विशेष उमजेल. मुंबई, म्हैसूर किंवा बडोदे यांच्या संघांमागे एक गाव असे, गल्लीबोळांतील क्लब असत, शाळा-महाविद्यालयांतून येणाऱ्या मुलांचा अखंड ओघ असे. सेनादलाला यांपैकी काहीच नव्हते. आज एका छावणीत असलेला खेळाडू पुढल्या हंगामात कोणत्या सीमेवर असेल, याचा भरवसा नसे. बदलीचा हुकूम हाच तेथील निवड समितीचा खरा अध्यक्ष. कोणी पंजाबचा, कोणी बंगालचा, कोणी दक्षिणेचा. भाषा निराळ्या, खेळण्याच्या रीती निराळ्या. अशा माणसांतून अधिकाऱ्यांनी असा संघ बांधला, की १९५६-५७ आणि १९५७-५८ अशा लागोपाठ दोन हंगामांत सेनादल रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचले. प्रथम मुंबईने आणि मग त्यांच्याच जुन्या बडोद्याने करंडक हिरावून नेला, ही गोष्ट वेगळी. चंद्रशेखर गडकरी, सुरेंद्रनाथ, मुद्दय्या, अपूर्व सेनगुप्त हे कसोटी खेळाडू याच सेनादलातून पुढे आले. आपापल्या प्रांतापासून तुटलेल्या माणसांना एका पताकेखाली आणून त्यांच्यात गावपणा निर्माण करणे हे किती कठीण असते, हे परप्रांतात मंडळ चालविणाऱ्यांनी जाणावे.

यानंतर आला १९५८-५९ चा कुप्रसिद्ध हंगाम. वेस्ट इंडीजचा संघ वेस्ली हॉल आणि रॉय गिलख्रिस्ट हे दोन भयंकर द्रुतगती गोलंदाज घेऊन आला होता. त्यांच्या माऱ्यापुढे आपली फलंदाजी कोलमडलीच. परंतु त्याहून अधिक कोलमडला तो आपला कारभार. पहिल्या कसोटीत पॉली उम्रीगर कर्णधार होते, दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीत गुलाम अहमद. चौथ्या कसोटीसाठी पुन्हा उम्रीगरांची नेमणूक झाली, पण संघनिवडीवरून वाद होऊन त्यांनी ऐन सामन्याच्या तोंडावर ती जबाबदारी सोडली आणि विनू मंकड कर्णधार झाले. दिल्लीच्या पाचव्या कसोटीसाठी चौथा कर्णधार शोधण्याची पाळी आली, तेव्हा निवड समितीला एकोणचाळीस वर्षांच्या या सैनिकाची आठवण झाली. मालिका ०-३ अशी गमावलेली होती. संघात एकवाक्यता नव्हती. असे कर्णधारपद म्हणजे मान नव्हे, तर दुसऱ्यांनी विझवावयाचे ठेवलेली आग होती.

६ फेब्रुवारी १९५९ रोजी कोटल्यावर अधिकारी नाणेफेकीस गेले. त्या सामन्यात त्यांनी ६३ आणि ४० धावा केल्या, आणि आपल्या लेगब्रेक गोलंदाजीवर तीन बळीही मिळविले. कसोटी क्रिकेटमधील त्यांचे तेवढेच तीन बळी. पुण्याचेच दुसरे सुपुत्र चंदू बोर्डे यांनी पहिल्या डावात १०९ धावा केल्या. दुसऱ्या डावात ९६ धावांवर असताना त्यांचा स्वतःचाच यष्ट्यांना स्पर्श झाला आणि दोन्ही डावांत शतक काढण्याची संधी हुकली. वेस्ट इंडीजने आठ गड्यांच्या मोबदल्यात ६४४ धावांवर डाव घोषित केला होता, तरीही भारताने सामना वाचविला. लागोपाठ तीन पराभवांनंतर आलेली ती अनिर्णित कसोटी त्या वेळी दिलासा देणारी ठरली असणार.

पुढे काय झाले? त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यासाठी दत्ताजीराव गायकवाड यांना कर्णधार नेमण्यात आले. संघ पाचही कसोटी सामने हरून परत आला. अधिकारी त्या संघात नव्हते. दिल्लीची कसोटी हा त्यांचा कर्णधार म्हणून पहिला आणि खेळाडू म्हणून शेवटचा कसोटी सामना ठरला. एकवीस कसोटींत ८७२ धावा, एकतीसहून थोडी अधिक सरासरी; प्रथम श्रेणीच्या सर्व सामन्यांत मिळून साडेआठ हजारांहून अधिक धावा आणि सतरा शतके, अशा नोंदी मागे ठेवून ते निवृत्त झाले. कटुता धरावयाची असती, तर सामग्री मुबलक होती. युद्धाने हिरावलेली वर्षे, कर्तव्याने हिरावलेले सामने, संकटात बोलावून संकट टळताच विसरणारे मंडळ, यांपैकी कोणत्याही एका विषयावर उर्वरित आयुष्य कुरकुरत घालविता आले असते. अधिकाऱ्यांनी आपल्याजवळ जे होते ते मोजून पाहिले आणि ते तरुणांना देण्यास आरंभ केला.

त्यांच्याजवळ काय होते? शैलीदार फलंदाजी शिकविता येत नाही. ती बव्हंशी जन्माने येते. परंतु धावणे, वाकणे, झेल घेणे, फेकणे आणि दिवसभर सावध राहणे या गोष्टी कोणालाही कष्टाने साध्य होतात. त्यांच्या प्रशिक्षणाचा पाया हाच होता. त्यांच्या शिबिरांत शरीराच्या तयारीला आणि क्षेत्ररक्षणाला फलंदाजीइतकेच, कदाचित काकणभर अधिकच महत्त्व होते. सैनिकी शिस्त त्यांच्या हाडीमासी मुरलेली होती आणि तिची धार तरुणांना लागत असे. आज प्रत्येक संघाबरोबर क्षेत्ररक्षणाचा स्वतंत्र प्रशिक्षक असतो. त्या काळी या विषयास स्वतंत्र प्रशिक्षण लागते हेच मुळी कोणास पटत नव्हते.

या विचारांचे फळ १९७१ मध्ये दिसले. वर्षाच्या आरंभी अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीजमध्ये प्रथमच मालिका जिंकली होती. त्यानंतरच्या इंग्लंड दौऱ्यावर व्यवस्थापक म्हणून अधिकारी यांची नेमणूक झाली. तेव्हाच्या व्यवस्थापकाचे काम काय असे, हे सांगितले पाहिजे. आज दहा-बारा तज्ज्ञ मिळून जे करतात, त्यातील बहुतेक सारे त्याच्या शिरावर असे. सरावाची आखणी, आजाऱ्यांची विचारपूस, वृत्तपत्रांना उत्तरे, समारंभांची वेळ, रुसव्याफुगव्यांची समजूत, हे सर्व त्यात आले. अधिकाऱ्यांनी त्यात प्रशिक्षकाची भर घातली. बेदी, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्यासारखे फिरकी गोलंदाज असताना फलंदाजाजवळ उभे राहून झेल घेणारे हात तयार असतील, तरच त्या फिरकीचे मोल वसूल होते, हे गणित साधे होते. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर हे त्या गणितातील सर्वांत मोठे उत्तर. सत्तावीस कसोटींत ५३ झेल हा त्यांचा हिशेब आजही थक्क करतो.

लॉर्ड्सची पहिली कसोटी रंगतदार अवस्थेत अनिर्णित राहिली. १८३ धावांचे लक्ष्य समोर असताना भारताच्या आठ बाद १४५ झाल्या होत्या. मँचेस्टरला पाऊस भारताच्या मदतीला आला. ओव्हलच्या तिसऱ्या कसोटीत इंग्लंडने ३५५ धावा केल्या, भारताने २८४. मग चंद्रशेखर यांनी ३८ धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत गुंडाळला. त्या डावात सोलकरांनी ॲलन नॉट यांचा पुढे झेपावून घेतलेला झेल क्रिकेटच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे. २४ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने सहा बाद १७४ धावा करून चार गडी राखून विजय मिळविला. १९३२ पासून एकोणचाळीस वर्षांत इंग्लंडच्या भूमीवर मिळविलेला हा पहिला कसोटी विजय, आणि त्यासह मालिकाही. तो दिवस गणेशचतुर्थीचा होता. चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण मैदानावर आणण्यात आली होती. साता समुद्रापलीकडे गणरायाचे असे आगमन व्हावे, हा योग मराठी मनाला आजही सुखवितो. आपल्या इंदूरला त्या विजयाचे स्मारक म्हणून सिमेंटची भली मोठी बॅट उभारण्यात आली.

चरित्रलेख येथे थांबविता आला असता, तर लेखकाचे काम सोपे झाले असते. परंतु तीन वर्षांनी, १९७४ च्या उन्हाळ्यात, तोच कर्णधार आणि तोच व्यवस्थापक पुन्हा इंग्लंडला गेले. बरोबर बहुतेक तेच खेळाडू होते. थंडी आणि ओलावा असलेल्या त्या मोसमात भारत तिन्ही कसोटी सामने हरला. लॉर्ड्सवर इंग्लंडने ६२९ धावा केल्या. भारताने पहिल्या डावात ३०२ धावा करून झुंज दिली. मात्र २४ जून रोजी, सोमवारी सकाळी, सतरा षटकांत अवघ्या ४२ धावांत दुसरा डाव आटोपला. त्यात नाबाद १८ धावा सोलकरांच्या होत्या. मैदानाबाहेरही काही बरे चालले नव्हते. कर्णधार आणि एक ज्येष्ठ खेळाडू यांच्यात सूर उरला नव्हता. भारतीय उच्चायुक्तांच्या समारंभास संघ उशिरा पोहोचला आणि दारातून परत फिरला. एका तरुण खेळाडूवर लंडनच्या दुकानातील पायमोज्यांवरून चोरीचा आळ आला. मायदेशी संतापाची लाट उसळली. इंदूरच्या त्या बॅटची लोकांनी विटंबना केली. वाडेकरांची कारकीर्द तेथेच संपली.

अशा वेळी व्यवस्थापकाचा न्याय कसा करावा, हा या चरित्रातील खरा प्रश्न आहे. १९७१ च्या यशात त्यांच्या शिस्तीचा वाटा होता असे मानावयाचे, तर १९७४ च्या अपयशातून त्यांना मोकळे सोडता येणार नाही. आम्ही त्यांना मोकळे सोडूही इच्छीत नाही. शिस्तीने शरीर तयार होते, झेल घेता येतात, वेळेवर उठता येते. पण दुभंगलेली मने केवळ शिस्तीने सांधता येत नाहीत; किंबहुना सुखाच्या दिवसांत जी शिस्त संघाचा कणा वाटते, तीच दुःखाच्या दिवसांत जाच वाटू लागते. सेनादलात हुकमामागे एक व्यवस्था उभी असते. क्रिकेटच्या संघात व्यवस्थापकाच्या मागे त्या वेळी कोणीच उभे नव्हते. त्यांच्या पद्धतीची मर्यादा या दौऱ्याने उघड केली, तशीच ज्या यंत्रणेने एका माणसावर सारे सोडून दिले होते तिचीही.

या मताला एक आधार अलीकडच्या इतिहासातून मिळतो. ४२ धावांचा तो नीचांक सेहेचाळीस वर्षे टिकला. १९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडला भारताचा डाव ३६ धावांत संपला आणि तो मोडला. कर्णधार विराट कोहली घरगुती कारणाने मायदेशी परतले, एकामागून एक खेळाडू जायबंदी झाले. तरीही अजिंक्य रहाणे यांच्या नेतृत्वाखाली त्याच संघाने महिनाभरात मालिका २-१ अशी जिंकली. शेवटचा विजय १९ जानेवारी २०२१ रोजी मिळाला तो ब्रिस्बेनला, जेथे १९४७ मध्ये अधिकारी प्रथम कसोटी खेळले आणि भारताचा डाव ५८ धावांत संपला होता, त्याच मैदानावर. या वेळी संघाबरोबर प्रशिक्षकांचा ताफा होता, वैद्य होते, राखीव खेळाडूंची फळी होती. पडल्यावर उठण्याची व्यवस्था होती. आणि त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते रवी शास्त्री, जे चाळीस वर्षांपूर्वी कोवळ्या वयात अधिकाऱ्यांच्या हाताखालून गेले होते.

१९७४ नंतर अधिकारी खचले असते, तर हा धागा जुळलाच नसता. त्यांनी दोषारोपांना उत्तर देत बसण्यापेक्षा पुन्हा शिबिराची वाट धरली. गावसकर, किरमाणी, कपिल देव, शास्त्री अशी भारतीय क्रिकेटच्या पुढील दशकाला आकार देणारी माणसे त्यांच्या देखरेखीखालून गेली. यातील कपिल देव हे आपण जेथे वस्तीस आहोत त्या हरियाणाचे. १९८३ चा विश्वचषक तर सर्वश्रुतच आहे. पण १९९१ मध्ये वानखेडे मैदानावर कपिल देवांच्या हरियाणाने मुंबईचा अवघ्या दोन धावांनी पराभव करून रणजी करंडक जिंकला, ही गोष्ट गुरुग्रामच्या मराठी माणसाने हसावे की हळहळावे अशा संभ्रमात टाकणारी आहे. अधिकाऱ्यांच्या दृष्टीने मात्र प्रांताचा हा प्रश्न उद्भवलाच नसता. सेनादलाचा कर्णधार राहिलेल्या माणसाला सारेच प्रांत आपले होते.

आणखी एका शिष्याचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. १९७४ च्या पराभवाने ज्यांची कारकीर्द संपली, ते वाडेकर १९९० च्या दशकात भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले. १९९२-९३ मध्ये भारताने इंग्लंडला मायभूमीवर ३-० असे पराभूत केले, तेव्हा मैदानाबाहेरील खुर्चीत वाडेकर बसले होते. जय आणि पराजय या दोहोंत ज्यांनी अधिकाऱ्यांना त्या खुर्चीत पाहिले होते, त्यांच्याच वाट्याला ती खुर्ची पुढे आली.

हेमू अधिकारी यांचे २५ ऑक्टोबर २००३ रोजी मुंबईत निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. कोटल्यावरील शेवटच्या गड्याचा तो विक्रम तेव्हाही अभंग होता. कोटल्याच्या त्या मैदानाला आता अरुण जेटली स्टेडियमचे नाव मिळाले आहे. दिल्ली दरवाज्याजवळून जाताना ज्या मैदानावर १९४८ मध्ये एका पुणेकराने नाबाद शतक काढले, १९५२ मध्ये शेवटच्या जोडीदाराला फलंदाज केले आणि १९५९ मध्ये इतरांनी टाकून दिलेले ओझे उचलले, ते हेच, एवढे आपल्या मुलांना सांगितले तरी पुष्कळ होईल.

आमच्या मंडळाचा जन्म आणि अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणकार्याचा भर एकाच दशकातला, हा निव्वळ योगायोग आहे. त्यास याहून अधिक अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. तथापि पन्नास वर्षांत मंडळाच्या रंगमंचावर ज्यांनी भूमिका गाजविल्या, त्यांपैकी अनेकजण पुढे तालमीची जागा मिळवीत, वर्गणीच्या पावत्या फाडीत आणि नवोदितांचे उच्चार सुधारीत विंगेत उभे राहिले. टाळ्या पडल्या त्या रंगमंचावरच्यांना. प्रयोग फसला तेव्हा बोल लागले ते विंगेतल्यांना. त्यांची नावे या अंकाच्या शेवटच्या पानांवर, कार्यकारिणीच्या यादीत, बारीक टाइपात सापडतील. कर्नल अधिकाऱ्यांच्या स्मृतीस वंदन करून झाल्यावर वाचकांनी ती पानेही सावकाश वाचावीत, एवढीच आमची विनंती आहे.